ओले हात

रिक्षावाल्याला सांगितलं, सहाला ये.
"एकट्याच, काकी?" म्हणाला,
आणि मग ओशाळून मीटर पुसत बसला,
ज्यात आकडा पडलेला मी कधी पाहिला नाही.

मार्गशीर्षातलं धामापूरचं तळं.
पाणी अजून वरच्या पायऱ्यांशी आहे,
पोफळींच्या सावल्या त्यात उलट्या उभ्या.
तारेवर एक खंड्या.
तार अकरा केव्हीची, तेवढं मला कळतं.
एकतीस वर्षं लाइनमनचा संसार केला,
पाखराआधी तार बघायची
डोळ्यांना खोड लागली.

तिसऱ्या पायरीखाली तुम्ही कधी उतरला नाहीत.
चक्रीवादळात, काळोखात, ओल्या खांबावर
पक्कड दातांत धरून चढणारा माणूस
या निपचित पाण्याला भ्यायचा.
लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मी हसले,
तर तुम्ही चपला हातात घेऊन म्हणालात,
"पाण्याक खांब नसतत गो. धरूचा काय?"
मग मी गुडघाभर पाण्यात,
आणि तुम्ही काठावर माझी पर्स छातीशी धरून,
जसं काही मी बुडाले
तरी पर्स तेवढी वाचवायचीच होती.

आज घावणे आणलेत. दोघांचे.
मोजून, मुद्दाम.
माझे चार खाल्ले.
मग तुमचे चार खाल्ले.
पोट दुखेल. दुखू दे.

कावळ्याला तुकडाही टाकला नाही.
दहाव्याला पाऊण तास ताटकळवलंन मेल्याने.
इच्छा राहिली असेल, बोला, म्हणाले सगळे.
भावोजींनी कबूल केलं, पडवीला लादी घालू.
सुनंदाने रडत कबूल केलं, आईला पुण्याला नेते.
तो फांदीवर चोच घासत बसला.
मग मी, कुणाला ऐकू न जाईल असं, म्हटलं,
ओल्या हाताने बटण लावणार नाही.
आला. शिवला. उडाला.

विजेने नेलं असतं
तर कदाचित समजून घेतलं असतं मी,
तिच्याशी तुमचं जुनं होतं.
गेल्या भाद्रपदात, रिटायर होऊन वर्ष झालेलं,
नव्या पोराला तुटलेली लाइन दाखवायला
कुणग्यात उतरलात. पाणी घोटाभर.
टाचेला चीर होती, तीही मला ठाऊक होती,
रात्री मीच तिला कोकमाचं तेल लावायची.
ओरोसच्या डॉक्टरांनी लेप्टो म्हटलं,
आणि मला वाटलं, एवढं छोटं नाव.

घोटाभर.
हे पाणी ते नव्हे, अशी समजूत घालते मी इथे बसून.
कुणाची, ते ठरत नाही.

उन्हं उतरली. खंड्याने एकदा सूर मारला,
रिकामा परतला, पंख झाडून
त्याच तारेवर बसला.
पलीकडच्या वाडीत दिवे लागले
आणि भप्पकन गेले.
माझी पाठ ताठ झाली:
आता फोन वाजेल, तुम्ही ताटावरून उठाल,
मी आमटीवर झाकण ठेवीन.
तो नवा पोर निघाला असेल खांबाकडे.
त्याचं लग्न ठरलंय म्हणे, आचऱ्याची मुलगी.
तिला सांगायला हवं,
आमटी झाकावी, पण भात झाकू नये,
वाफेने गिच्च होतो.

चौथी पायरी. पाचवी.
साडी भिजते आहे, भिजू दे.
दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले.
इवले मासे आले, बोटं टोचून गेले,
बांगडीशी एक बराच वेळ घुटमळला.
धरायला काही नाही, हे खरंच.
पण हात बाहेर काढवेनात.

दिवे कधी परत आले, बघितलं नाही.

वरून हॉर्न वाजला. मग तो पोरगा स्वतःच खाली आला,
"ही बॅटरी धरा काकी, पायऱ्यांवर शेवाळ आसा."
"थांब जरा," म्हटलं मी,
आणि हात वाळेपर्यंत
तिसऱ्या पायरीवर उभी राहिले.